सेलू ते अंधेरी : मैदानात बसून पाहिलेला फुटबॉल

कतारचा विश्वचषक संपून जेमतेम तीन आठवडे झाले होते. अर्जेंटिना आणि फ्रान्सची अंतिम लढत आमच्या घरात सगळ्यांनी एकत्र बसून पाहिली होती आणि कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याच्या डोक्यातून मेस्सी काही केल्या उतरत नव्हता. त्याचा सगळा फुटबॉल मोबाइलच्या पडद्यावरचा. रात्री-अपरात्री इंग्लंड-स्पेनचे सामने पाहायचे आणि सकाळी मित्रांशी त्यावर वाद घालायचा. पण व्यावसायिक खेळाडूंचा सामना प्रत्यक्ष मैदानात बसून त्याने कधीच पाहिला नव्हता. सेलूतल्या बहुतेकांची हीच गोष्ट आहे. देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळणारा क्लब मराठवाड्यात नाही आणि मुंबईला जायचं ते दवाखान्यासाठी, कोर्टकचेरीसाठी किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठी, अशी आपली जुनी सवय. म्हणून ठरवलं की एकदा नुसता खेळ पाहण्यासाठी मुंबई गाठायची. 8 जानेवारी 2023, रविवार, संध्याकाळी साडेसात. मुंबई सिटी एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स, इंडियन सुपर लीग. सेलू-परतूर-मानवतकडच्या कुणाला असं जायचं असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हा प्रवास सविस्तर लिहितो आहे.

आधी तिकीट, मग गाडी

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, 2014 मध्ये सुरू झाली. हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो. पण हे गृहीत धरू नये. 2025-26 चा हंगाम स्पर्धेच्या व्यावसायिक हक्कांचा प्रश्न न सुटल्यामुळे कित्येक महिने लांबला. क्लबच्या संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमांवर सामन्याची तारीख पक्की झाली की मगच रेल्वेचं आरक्षण करावं. तिकीटविक्रीचा दुवाही तिथेच मिळतो. एका हंगामात प्रत्येक संघ साधारण निम्मे सामने घरच्या मैदानावर खेळतो आणि निम्मे बाहेर, त्यामुळे ‘मुंबईचा सामना’ म्हणजे तो मुंबईतच असेल असं नाही. मैदानाचं नाव वाचूनच पुढे जावं.

तिकीट काढताना कुठल्या बाजूचा स्टँड आहे हेही पाहावं. मैदानाच्या लांबीला समांतर असलेल्या स्टँडमधून दोन्ही गोल सारखे दिसतात, म्हणून ही तिकिटं सहसा महाग असतात. गोलपोस्टच्या मागची बाजू स्वस्त असते. तिथे कट्टर पाठीराखे उभे राहून गातात. पहिल्यांदा जाणाऱ्याने लांबीच्या बाजूला आणि शक्य तितकं वर बसावं. कारण पुढे येईलच.

सेलू हे सिकंदराबाद-मनमाड मार्गावरचं स्टेशन असल्याने मुंबईची गाडी दारातून मिळते. सिकंदराबादकडून येणारी देवगिरी आणि नांदेडकडून येणारी नंदीग्राम या रात्रीच्या गाड्या, तर तपोवन दिवसाची. आम्ही शनिवारी रात्री देवगिरी धरली. शेतात हुरड्याचे दिवस होते, जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागलेल्या होत्या आणि फलाटावर चांगलीच थंडी होती. बहिणीने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही बांधून दिलं होतं. जालना, संभाजीनगर, मनमाड असं करत सकाळी डोळे उघडले तेव्हा गाडी घाट उतरून कल्याणकडे निघाली होती.

सरळ अंधेरीला जायचं असेल, तर गाडी अगदी शेवटच्या स्टेशनपर्यंत धरून बसण्याचं कारण नाही. ठाण्याला उतरावं, मध्य रेल्वेच्या लोकलने घाटकोपर गाठावं आणि तिथून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो घ्यावी. मुंबईची ही पहिली मेट्रो, जून 2014 मध्ये सुरू झालेली. वीसेक मिनिटांत अंधेरीच्या पुढचं आझादनगर स्टेशन येतं आणि मैदान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दादरहून पश्चिम रेल्वेने अंधेरीला जाता येतंच, पण लोकलची सवय नसलेल्याला आणि सोबत लहान मुलं असतील तर मेट्रोच सोयीची.

परतीचा विचार आधीच करून ठेवावा. सामना साडेसातचा असेल तर संपायला साडेनऊ होतात आणि त्या रात्रीची देवगिरी हाती लागत नाही. म्हणजे मुक्काम आलाच. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मुंबईहून सुटणारी तपोवन दादर आणि ठाण्यालाही थांबते आणि दिवसाउजेडी सेलूला आणून सोडते. मुक्काम ठाण्याकडे केला तर पहाटेची धावपळ वाचते. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी एकदा पडताळून घ्याव्यात.

कुपरेजला वळसा

सकाळी पोहोचलो आणि सामना संध्याकाळचा. मधला दिवस रिकामा घालवण्यापेक्षा भाच्याला घेऊन दक्षिण मुंबईत कुपरेजला गेलो. ओव्हल मैदान आणि मंत्रालयाच्या परिसरातलं हे फुटबॉलचं मैदान नुसतं बाहेरून पाहायलाही जाण्यासारखं आहे, कारण मुंबईच्या फुटबॉलचा मोठा इतिहास इथे घडला. मुंबईत 1891 मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला. सुरुवातीला तो ब्रिटिश लष्करी पलटणींचाच होता. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि हा चषक पहिल्यांदा भारतीय नागरी संघाच्या हाती आला.

आपल्याशी थेट नातं सांगणारी गोष्ट त्यानंतरची आहे. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. त्या वर्षांत सेलू आणि अख्खा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आपण तिथून बाहेर पडलो. म्हणजे कुपरेजवर सलग पाच वेळा चषक उंचावणारा संघ हा त्या काळी आपल्याच राज्याच्या राजधानीचा संघ होता, आणि ज्या लोहमार्गावरून आपण मुंबईला येतो, तोच मार्ग दुसऱ्या टोकाला त्या शहराकडे जातो. हेच रहीम 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रशिक्षक होते. भारत तिथे उपांत्य फेरीत पोहोचला, चौथा आला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. 1962 च्या आशियाई स्पर्धेत रहीम यांच्याच संघाने सुवर्णपदक आणलं. मराठवाड्यात फुटबॉल म्हणजे परका खेळ असं कुणी म्हणालं, की मला हा इतिहास सांगावासा वाटतो. तो आपल्या घराच्या एका बाजूला घडला आणि आपण मात्र त्याची आठवण जपली नाही.

मैदान आणि दरवाजा

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवर शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. महापालिकेचं हे संकुल 1988 पासूनचं. आयएसएलच्या कागदावर या मैदानाचं नाव मुंबई फुटबॉल अरीना. रिक्षावाल्याला मात्र ‘अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ सांगावं. मुंबई सिटीचे पहिले हंगाम नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्या प्रचंड स्टेडियममध्ये हजारो लोक आले तरी खुर्च्या रिकाम्या दिसत. 2016 पासून क्लब अंधेरीत आला. इथे जेमतेम सात हजार माणसं मावतात, आणि म्हणूनच हे मैदान नवख्या प्रेक्षकाला आवडतं. कुठेही बसा, खेळाडू ओळखू येतो. चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज येतो. बचावपटू एकमेकांना ओरडून सांगतात तेही ऐकू येतं.

दरवाज्यावरच्या तपासणीची मनाची तयारी ठेवावी. मोठी बॅग, पाण्याची बाटली, डबा, पॉवर बँक, काडेपेटी, लायटर, काठीचा झेंडा या गोष्टी आत नेऊ देत नाहीत. गावाकडून आलेल्या माणसाच्या खांद्याला पिशवी असतेच, ती मुक्कामाच्या ठिकाणी ठेवूनच निघावं. तिकिटाचा कोड मोबाइलमध्ये असेल तर बॅटरी भरलेली हवी. किमान एक तास आधी पोहोचावं. उशीर झाला तर रांगेतच राष्ट्रगीत आणि पहिली मिनिटं निघून जातात, आणि त्या रविवारी पहिल्या मिनिटांचं मोल काय होतं ते पुढे सांगतो. पाणी आणि खाणं आत विकत मिळतं, पण पोटभर जेवून जाणं बरं.

मुंबई सिटीचा रंग आकाशी निळा. पाहुण्या संघाचा रंग घालून घरच्या स्टँडमध्ये बसू नये, एवढं पथ्य पाळलं की झालं. साधा शर्ट कुठेही चालतो. ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ नावाचा पाठीराख्यांचा गट ढोल आणि घोषणा घेऊन सामनाभर उभा असतो. ‘आमची सिटी’ हा त्यांचा गजर. मराठी माणसाला त्यात सामील व्हायला शिकवावं लागत नाही. त्या दिवशी पिवळ्या जर्सीतले केरळचे पाठीराखेही मोठ्या संख्येने आले होते. मुंबईत कामानिमित्त स्थायिक झालेली मल्याळी कुटुंबं, लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, आज्या. आपल्या गावचा संघ परगावी खेळायला आला की तिथे राहणाऱ्याला काय वाटतं, ते त्यांच्याकडे पाहून कळत होतं.

पडद्यावर न दिसणारा खेळ

आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान सहसा 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं. आपल्या हिशेबात पावणेदोन एकर. एवढ्या रानात बावीस माणसं आणि एक चेंडू. कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, त्यामुळे पडद्यावर आपल्याला या पावणेदोन एकरातला एक तुकडाच दिसतो. चेंडू ज्याच्याकडे नाही तो खेळाडू काय करतोय, हे पाहायचं तर मैदानातच यावं लागतं. खुर्चीवर बसून दोन-चार मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात भाचा म्हणाला, “मामा, इथून तर सगळंच दिसायलंय की!”

सगळंच दिसत होतं. मुंबईचे बिपिन सिंग आणि लालियानझुआला छांगते दोन बाजूंच्या रेषांना चिकटून उभे. त्यांच्या नुसत्या उभं राहण्याने केरळची बचावाची फळी ताणली जात होती आणि मधे वाटा उघडत होत्या. मोरोक्कोचा अहमद जाहू चेंडू घ्यायला पार आपल्या बचावपटूंपर्यंत मागे यायचा, मान वर करायचा आणि लांब पास सोडायचा. तो पास कुठे पडणार हे आम्हाला वरून आधीच दिसायचं, कारण तिथे धावत सुटलेला माणूसही दिसत होता. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने वर बसावं असं मी म्हटलं.

चौथ्या मिनिटाला मुंबईच्या होर्हे परेरा दियाझने पहिला गोल केला. दहाव्या मिनिटाला ग्रेग स्टुअर्ट. सोळाव्या मिनिटाला बिपिन सिंग. बाविसाव्या मिनिटाला पुन्हा दियाझ. बावीस मिनिटांत चार गोल! सलग आठ सामने न हरता आलेला केरळचा संघ अर्धा तास व्हायच्या आत मोडून पडला होता. प्रत्येक गोलाला अख्खा स्टँड उभा राहत होता आणि शेजारचे अनोळखी लोक आमच्या हातावर टाळ्या देत होते. एक सूचना इथेच देतो. मैदानात पापणी लवली तर गोल गेला. त्या हंगामात व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय, नव्हती; पंचांचा निर्णय तिथल्या तिथे आणि अंतिम. घरी बसून रिप्ले पाहण्याची सवय असलेल्याला याची सवय करून घ्यावी लागते. म्हणून मोबाइल खिशात ठेवावा. गोल टिपायचा म्हणून कॅमेरा धरून बसलेली माणसं मी पाहिली. त्यांचं लक्ष पडद्यातच राहिलं.

पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, मधे पंधरा मिनिटांची विश्रांती. प्रत्येक भागाच्या शेवटी वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून काही मिनिटं वाढवून देतात आणि चौथे पंच ती फलकावर दाखवतात. एका संघाला पाच खेळाडू बदलता येतात. नवख्याला गोंधळात टाकणारा नियम एकच, ऑफसाइड. पास सुटण्याच्या क्षणी पुढच्या खेळाडूच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेच्या मधे किंवा त्या खेळाडूच्या बरोबरीला किमान दोन प्रतिस्पर्धी हवेत; गोलरक्षक धरला तर बहुधा एक बचावपटू. हे कागदावर किचकट वाटतं. मैदानात मात्र बचावाची फळी एका ओळीत मागेपुढे सरकताना दिसते, कडेला झेंडा घेतलेले सहायक पंच त्या ओळीबरोबर धावताना दिसतात, आणि नियम आपोआप उमगतो.

दुसऱ्या भागात गोल झाला नाही. सामना 4-0 असाच संपला. केरळचे पाठीराखे शेवटच्या शिट्टीपर्यंत गात होते. चार गोलांनी मागे असलेल्या आपल्या संघासाठी इतका वेळ गात राहणं ही मला त्या संध्याकाळची शिकण्यासारखी गोष्ट वाटली. त्या हंगामात मुंबई सिटीने पुढे लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल येणाऱ्याचा मान, जिंकली.

भरलेली खुर्ची

याच मैदानावर 1 जून 2018 ला भारताने चायनीज तैपेईला 5-0 ने हरवलं आणि कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. पाहायला माणसं होती अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून लोकांना हात जोडून विनवलं, की आमच्यावर टीका करा, हवं तर रागवा, पण मैदानात या. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. मुंबईत धो धो पाऊस कोसळत होता आणि एकही तिकीट शिल्लक नव्हतं. भारत 3-0 ने जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे.

इथेच 17 मार्च 2019 ला आयएसएलची अंतिम लढत झाली. बंगळुरू आणि गोवा यांच्यात जादा वेळेपर्यंत गोलच झाला नव्हता. शेवटच्या काही मिनिटांत कॉर्नरवरून हेडर मारून बंगळुरूला विजेतेपद देणारा खेळाडू होता मुंबईचा राहुल भेके. हाच भेके पुढे मुंबई सिटीत आला. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल त्यानेच केला आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला हरवून मुंबईने आयएसएल चषक जिंकला, तेव्हा कर्णधारही तोच होता. सेलूच्या शाळेतल्या मुलाला मेस्सी माहीत असतो. भेकेही माहीत असायला हवा.

मुंबई जमली नाही तर आणखी दोन ठिकाणं आहेत. मडगावला फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा खेळतो. गोव्याला फिरायला जाणाऱ्यांनी सामन्याची तारीख पाहून बेत आखावा. आणि कोल्हापूरला राजर्षी शाहू स्टेडियम आहे. तिथल्या लढती व्यावसायिक लीगमधल्या नसतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे आणि शिवाजी तरुण मंडळासारख्या मंडळांचे संघ एकमेकांशी भिडतात आणि त्यासाठी सगळं शहर लोटतं. मराठी गाव फुटबॉलवर किती जीव लावू शकतं, हे पाहायचं तर तिथे जावं. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

मैदानातून बाहेर पडताना गर्दी एकदम उसळते. दहा-पंधरा मिनिटं खुर्चीवरच थांबावं. मेट्रो रात्री उशिरापर्यंत असते. त्या वेळात खेळाडू स्टँडजवळ येऊन पाठीराख्यांना टाळ्या देतात, मुलांना ते फार जवळून पाहता येतात.

परतीच्या तपोवनमध्ये भाचा गोलांबद्दल कमी आणि जाहूच्या जागेबद्दल जास्त बोलत होता. सेलूला आल्यावर तो मित्रांबरोबर खेळताना मी पाहिला. एरवी सगळी पोरं चेंडूमागे धावायची; आता हा कडेला उभा राहून “पसरा रे, रेषेवर जा” म्हणून ओरडत होता. मोबाइलवर इतकी वर्षं सामने पाहून जे त्याला कळलं नाही, ते एका संध्याकाळी कळलं. म्हणून शाळा-कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांना माझं सांगणं आहे की सहली काढता तेव्हा एक सहल सामन्याची काढा, मुलांची आणि मुलींचीही. रेल्वे आपल्या दारात आहे, तिकीट आवाक्यातलं आहे आणि सात हजार खुर्च्यांच्या मैदानात आपली चाळीस मुलं बसली, तर तो स्टँड आपण भरला असं हक्काने म्हणता येईल.